हात कोणाचे, नोंद कोणाची?
गणित-विज्ञानाच्या कृतियुक्त अध्यापनाची एक चिकित्सा

दलित चळवळीने शिक्षणाविषयी आजवर जे प्रश्न विचारले ते प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. शाळेच्या दारातून कोणाला आत घेतले जाते, हा पहिला. आत गेल्यावर मुलाच्या हाती कोणता इतिहास, कोणती भाषा आणि कोणते वाङ्मय दिले जाते, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांवर आपण लिहिले, भांडलो, मोर्चे काढले. गणित आणि भौतिक विज्ञान हे विषय मात्र आपण प्रस्थापितांच्या हवाली करून मोकळे झालो. दोन आणि दोन चार हे ब्राह्मणालाही चार आणि महार-मांगालाही चारच, तेव्हा तेथे जातीचा संबंध काय, अशी आपली समजूत होती. ही समजूत अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सूत्राला जात नसते हे खरे. पण ते सूत्र ज्या वर्गात आणि ज्या रीतीने शिकवले जाते, त्या वर्गाला आणि त्या रीतीला ती असते. आपल्या वस्तीतील मुलगा मराठीत काठावर का होईना पास होतो आणि गणितात व विज्ञानात नापास होऊन शाळा सोडतो, हे मी मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत हेच दोन विषय शिकवताना वर्षानुवर्षे पाहिले आहे. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, तंत्रशिक्षण यांची दारे याच दोन विषयांपाशी बंद होतात. राखीव जागेपर्यंत पोचण्याआधीच आपली मुले वाटेत गळतात. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही.

आज सगळीकडे 'कृतियुक्त अध्ययन', 'आनंददायी शिक्षण', 'ज्ञानरचनावाद' हे शब्द ऐकू येतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने स्वतः ज्ञान रचावे हे तत्त्व अधिकृत केले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांचे नाव सर्वत्र झाले. शिक्षक तेथे जाऊन आले आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगवल्या गेल्या, काड्यांचे दशकांचे गठ्ठे बांधले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही करून शिकण्याचा पुरस्कार आहे. ही पद्धत आपल्या मुलांच्या हिताची आहे काय, हा प्रश्न तरीही आपल्या बाजूने कोणी नीट विचारलेला मला दिसला नाही. या लेखात मी तो विचारतो आहे.

प्रथम या पद्धतीचे मोठेपण मान्य केले पाहिजे. आपल्याकडे ज्ञान म्हणजे ऐकलेले आणि पाठ केलेले. श्रुती आणि स्मृती ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. ऐकण्याचा अधिकार कोणाला हे एकदा ठरवले, की ज्ञान कोणाचे हे आपोआप ठरते. आजच्या शाळेतून संस्कृत मंत्र गेले, पण मंत्राची रीत गेली नाही. पाढा, व्याख्या, सूत्र, प्रमेय यांपैकी काहीही खरे कशावरून, असे मुलाने विचारायचे नसते. गुरुजी म्हणतात म्हणून खरे, पुस्तकात आहे म्हणून खरे. ज्या घरात आजोबांपासून घोकंपट्टीची सवय आहे त्या घरातील मुलाला ही रीत मानवते. ज्याच्या घरात पुस्तक म्हणून पहिली वस्तू त्याच्या दप्तरातूनच आली, त्याला ती परक्या मुलखासारखी वाटते.

कृतियुक्त अध्यापन या रीतीच्या मुळावर घाव घालते. येथे सत्याचा पुरावा गुरुजींच्या तोंडात नसतो. तो टेबलावर असतो आणि टेबलाभोवतीच्या कोणालाही तपासता येतो. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, वडीलधारा बोलला म्हणून मानू नका, अनुभवाला पटेल ते घ्या, हा बुद्धाने कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. तो उपदेश शाळेच्या वेळापत्रकात कोठे बसत असेल, तर तो विज्ञानाच्या तासात. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, शिक्षक कष्टकरी वर्गातून यावेत आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये, असे सांगितले. हाताचा आणि ज्ञानाचा तुटलेला संबंध जोडण्याची ती मागणी होती.

पण येथेच खरा पेच सुरू होतो. तोंडी शिक्षणात अंतर राखता येते. कोपऱ्यात गोणपाटावर बसवलेल्या मुलालाही पाढे ऐकू येतात. हाताने शिकायचे म्हटले की अंतर राखता येत नाही. एकच तापमापी, एकच चंचुपात्र, एकच तराजू चौघांच्या हातातून फिरतो. बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवलेला एक प्रसंग सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावाला गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले आणि सवर्ण मुलांनी एकच गोंधळ केला. कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. डबे आधी हलवले गेले, मग फळा मोकळा झाला. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेच्या इतिहासातील एक दाखला म्हणून सांगतो. तो मला गणित-अध्यापनाच्या इतिहासातीलही एक दाखला वाटतो. भीमराव बाकावर बसून ऐकत होते तोवर वर्ग शांत होता. ते उठून काही 'करायला' निघाले, तेव्हा जात जागी झाली. कृतियुक्त अध्यापनाची परीक्षा घ्यायची तर ती या ठिकाणी घेतली पाहिजे.

या पद्धतीचा आपल्या देशातील सर्वात लक्षणीय प्रयोग महाराष्ट्राबाहेर, नर्मदेच्या काठी झाला. म्हणून आधी त्याकडे वळतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती ही संस्था आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो उभा केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून अनिल सद्गोपाल खेड्यात गेले. दिल्ली विद्यापीठातील आणि इतर संस्थांतील वैज्ञानिकांनी सुट्ट्यांमध्ये खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचले. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली त्याच्या विस्तारासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी 'बाल वैज्ञानिक' या नावाची हिंदी पुस्तके हे या कार्यक्रमाचे अंग होते, आणि माझ्या या चिकित्सेचा मुख्य विषय तीच पुस्तके आहेत.

'बाल वैज्ञानिक' उघडताच नेहमीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा एक फरक जाणवतो. त्यात उत्तरे नाहीत. काय करायचे ते लिहिले आहे, काय पाहायचे ते विचारले आहे, आणि उत्तराची जागा मुलाच्या वहीत आहे. चार मुलांची एक टोली, टोलीला साहित्याची पेटी, कृती झाली की नोंद, नोंद झाली की सगळ्या वर्गाची चर्चा, अशी त्याची बैठक. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा आणि लेखी परीक्षेबरोबर प्रयोगाचीही परीक्षा. मुलांच्या मनात उठलेल्या प्रश्नांना पत्राने उत्तरे देणारे 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्रही या कार्यक्रमाने निर्माण केले होते. खेड्यातील मूल प्रश्न विचारते आणि त्याला टपालाने उत्तर येते, ही गोष्ट ज्याने खेड्यातील शाळा पाहिली आहे त्यालाच किती मोठी आहे ते कळेल.

या पुस्तकांतील दोन विषय मला वैचारिकदृष्ट्या फार महत्त्वाचे वाटतात. पहिला, मोजमापातील घट-बढ. एकच टेबल दहा मुलांनी मोजले तर दहा वेगवेगळी मापे येतात. नेहमीच्या वर्गात गुरुजी 'बरोबर' माप सांगतात आणि बाकीची खोडायला लावतात. येथे सगळी मापे फळ्यावर मांडली जातात, त्यांत फरक का पडला याची चर्चा होते आणि सरासरी काढली जाते. आता ही कृती आपल्या नजरेने पाहा. सरासरी काढताना पाटलाच्या मुलाने घेतलेले माप आणि मजुराच्या मुलीने घेतलेले माप यांचे वजन सारखेच धरावे लागते. एकाचे माप दुप्पट मोजा असे गणित सांगत नाही. संविधान सभेतील १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील समान मूल्य आणि समाजातील असमान मूल्य यांतील विसंगतीचा इशारा दिला होता. प्रत्येक माणसाचे मूल्य एक, हे तत्त्व एखाद्या खेड्यातील वर्गात अंकगणिताच्या सक्तीने तरी पाळले जाते, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

दुसरा विषय योगायोग आणि संभाव्यता यांचा. टोल्या नाणे उडवतात आणि छाप-काटा नोंदवतात. एका टोलीला दहात आठ छाप पडतात, दुसरीला तीन. मग सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की आकडा निम्म्याच्या जवळ येतो. पुस्तक यावर प्रवचन करीत नाही, पण मूल एक गोष्ट शिकते. सलग पडलेल्या पाच काट्यांना नाण्याचे पूर्वकर्म कारणीभूत नसते, आणि सहाव्या वेळी काय पडावे याचा नाण्यावर लिहिलेला काही लेखही नसतो. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या तुमची स्थिती मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे असे सांगितले गेले, त्या समाजातील मुलाने दोनशे वेळा नाणे उडवावे, याचे मोल मला अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक वाटते.

एवढे सांगितल्यावर आता आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप टोलीविषयी. 'बाल वैज्ञानिक' चार मुलांना एकत्र बसवते. ती चार मुले कोणत्या समाजातून आली आहेत आणि एकत्र बसल्यावर कामे कशी वाटून घेतात, याकडे पुस्तकाचे लक्ष नाही. एकलव्यच्याच सामाजिक अध्ययनाच्या पुस्तकांनी समाजव्यवस्थेच्या प्रश्नांना हात घातला हे मला माहीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र मूल हे केवळ मूल आहे. प्रत्यक्ष वर्गात असे मूल मला कधी भेटले नाही. माझ्या वर्गांत मी वस्तू पाण्यात बुडवून किती पाणी बाजूला सरते ते मोजण्याची कृती घेत असे. गटांवर कोणतेही बंधन न घालता काम सोपवले, की थोड्याच वेळात एक व्यवस्था आपोआप उभी राहायची. बादली आणायला मुली. भांडी मांडायला, पाणी ओतायला, सांडलेले पुसायला आमच्या वस्तीतील मुले. मोजपात्रावरचा आकडा वाचायला आणि वहीत लिहायला मोठ्या घरचा मुलगा. कोणी कोणाला हुकूम दिलेला नसे. विचारले तर उत्तर मिळे, "गुरुजी, त्याचं अक्षर चांगलं आहे." पाणी गावातल्या आडावरून आणायचे असेल तर आणखी निराळा प्रकार. तेव्हा आमच्या मुलांना बादलीपासूनही दूर ठेवले जाई आणि प्रयोग संपल्यावर भांडी धुवायला मात्र बोलावले जाई.

जातिव्यवस्था केवळ कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हा बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला विचार आहे. पाण्याच्या एका प्रयोगात त्याचे लहानसे रूप पाहायला मिळते. मोजणारा वेगळा आणि पुसणारा वेगळा झाला, की कृती चौघांनी केली तरी ज्ञान एकाचे होते. बाकीच्या तिघांच्या वाट्याला हमाली येते. जो वर्ग घोकंपट्टीत आपल्या मुलांना मुका ठेवत होता, तो कृतियुक्त पद्धतीत त्यांना वेठीला धरू शकतो, आणि भेट द्यायला आलेल्या साहेबाला वर्ग अतिशय 'क्रियाशील' दिसतो. यावर मी एक साधा नियम लावला होता: जो नोंद करील तोच भांडी धुवील, आणि नोंद करणारा दररोज बदलेल. अक्षर वाईट असले तरी चालेल. या नियमाविरुद्ध पालकांच्या तक्रारी आल्या. त्या भांडी धुण्याविषयी होत्या. विज्ञानाविषयी एकही नव्हती.

दुसरा आक्षेप 'परिसर' या शब्दाविषयी. मुलाच्या परिसरातील वस्तू घेऊन शिकवा, असे ही पद्धत सांगते. पण दलित मुलाचा परिसर निरागस नसतो. ध्वनीचा पाठ घ्या. ताणलेल्या पडद्याच्या कंपनाने आवाज होतो आणि ताण वाढला की आवाज चढतो, हे शिकवायला हलगीसारखे साधन नाही. हलगी वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात; चामड्यातील ओल जाते, ते आवळते आणि आवाज खणखणीत होतो. मांग आणि महार वस्तीतील मुलांना हे भौतिकशास्त्र लहानपणापासून ठाऊक असते. एक उत्साही शिक्षक मला म्हणाले, मुलाला घरची हलगी आणायला सांगा, किती सुंदर कृती होईल! मी त्यांना म्हणालो, ज्या बापाने १९५६ नंतर गावकीची कामे नाकारली आणि मयताच्या पुढे वाजवणे सोडले, त्याच्या मुलाला तुम्ही विज्ञानाच्या नावाखाली पुन्हा हलगी गळ्यात अडकवायला सांगणार काय? आणि त्या वर्गात ती वाजल्यावर बाकीची मुले ध्वनीची वारंवारता ऐकणार, की जात ऐकणार?

म्हणजे हलगीतील ज्ञान टाकून द्यायचे काय? तसेही नाही. ती शाळेने विकत आणावी, शाळेच्या पेटीत ठेवावी, आणि पहिल्यांदा ती शेकण्याचे व वाजवण्याचे काम गुरुजींनी स्वतः करावे. मग सरपंचाच्या मुलाच्या हाती द्यावी. वस्तू एकाच जातीच्या हातातून सुटली तरच ती विज्ञानाची होते.

ही भीती काल्पनिक नाही, त्याला इतिहास आहे. १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना पुढे आली. तिच्यामागे श्रमाची प्रतिष्ठा वाढवण्याचा हेतू होता हे मान्य केले तरी, ज्यांच्या शेकडो पिढ्या हाताने राबल्या त्यांना शाळेत पुन्हा हातकाम कशाला, हा दलितांचा प्रश्न उरतोच. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने काढलेल्या योजनेत तर मुलांनी शाळेचा निम्मा वेळ सोडून घरच्या धंद्याचे शिक्षण घ्यावे असे होते. चांभाराच्या मुलाने जोडे शिवावेत असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. पेरियार आणि द्रविड चळवळीने त्याविरुद्ध रान उठवले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गेली. होशंगाबादचा कार्यक्रम या परंपरेतील नव्हता. तेथे हात हा विचाराचे साधन म्हणून येतो, पोट भरण्याचे म्हणून नव्हे. पण 'परिसर' आणि 'हाताने करणे' हे शब्द ऐकताच आपण सावध का होतो, हे या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

तिसरा आक्षेप 'टाकाऊतून टिकाऊ' या घोषणेविषयी. अरविंद गुप्ता हे अभियंते पुण्याच्या टेल्कोतील नोकरीतून रजा घेऊन होशंगाबादच्या कामात गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीचे जे नमुने केले ते पुढे देशभर गेले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन कलतो. म्हणून छपराच्या कैचीत त्रिकोण असतो. काही पैशांत भूमितीचे एक मूलभूत सत्य मुलाच्या बोटांना कळते. या माणसाचे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आक्षेप आहे तो या स्वस्ताईचा शासनाने जो उपयोग करून घेतला त्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेने प्रयोगशाळा मागितली की तिला सांगितले जाते, साहित्य कशाला, टाकाऊ वस्तू जमवा. त्याच देशात २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी निवडलेल्या एकेका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यांत सरकारी शाळाही आहेत, हे खरे. परंतु निवडीबाहेर राहिलेल्या शाळांना कचरा आणि निवडलेल्यांना यंत्रे, अशी ही वाटणी आहे.

शिवाय कचरा हा शब्द सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. बंगल्यातील मुलगी रिकामी बाटली धुऊन शाळेत आणते तेव्हा तिचे कौतुक होते. सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या मुलीने तीच बाटली आणली तर मुले नाक धरतात. काटकसर हा गुण आहे. पण गरिबीतून सुटण्यासाठी शाळेत आलेल्या मुलावर गरिबीचाच धडा लादणे हा गुण नाही. स्वस्त साधने सर्वांना द्या, आणि नव्या तापमाप्याही सर्वांना द्या, एवढीच मागणी आहे.

आता गणिताकडे वळतो. प्राथमिक शाळेत गणिताची सर्वात लोकप्रिय कृती म्हणजे दुकान-दुकान. कागदाच्या नोटा, मांडलेला माल, गिऱ्हाईक आणि दुकानदार. मुले रमतात, बेरीज-वजाबाकी शिकतात. पण या खेळात भाव कोणी ठरवला हे कोणी विचारत नाही. माझ्या भागातील अनेक मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना दुकान माहीत असते, त्याहून अधिक मुकादम माहीत असतो. म्हणून मी वर्गात मुकादम-मुकादम खेळायला घेतले.

मांडणी अशी. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, ५०,००० रुपये उचल घेतली. समजा तोडणीचा दर टनाला ३०० रुपये आणि दिवसाला दीड टन ऊस तुटतो. म्हणजे दिवसाची कमाई ४५० रुपये. एक चिंचोका म्हणजे एक दिवस. मुलांनी भागाकार केला आणि जमिनीवर १११ चिंचोके मांडले. हंगाम साधारण पाच महिन्यांचा धरून १५० चिंचोक्यांपाशी खडूची रेघ मारली होती. मुले खूश झाली. कर्ज फिटून वर पैसे उरणार! मग एका मुलीने विचारले, "खर्ची कुठं धरली?" समजा आठवड्याला १,५०० रुपये खर्ची. त्या १११ दिवसांचे सोळा आठवडे, म्हणजे २४,००० रुपये. ते फेडायला आणखी ५३ दिवस. रेघ ओलांडली गेली. पण त्या ५३ दिवसांतही खायला लागतेच. त्याचे आणखी सुमारे २७ दिवस, त्यावर पुन्हा १३. चिंचोके भिंतीला टेकेपर्यंत मुले मांडत राहिली. दोनशेच्या पुढे ती रांग थांबली. पाच महिन्यांच्या हंगामात न फिटणारी उचल पुढच्या वर्षीच्या हंगामाला कशी बांधून घेते, हे त्यांनी स्वतःच्या हाताने मोजले.

आकडे मी सोयीसाठी धरलेले होते. मुलांनी ते घरी जाऊन खरे विचारून आणले आणि पुन्हा गणित केले. हा भागाकार होता, गुणोत्तर होते आणि कमी-कमी होत जाणाऱ्या संख्यांची बेरीजही होती. वरच्या वर्गात जिला भूमितीय श्रेणी म्हणतात तिची ती ओळख होती. पण त्याच वेळी एका व्यवस्थेचे ते वाचन होते. कृतियुक्त गणिताकडून मी जी अपेक्षा करतो ती ही. चिंचोके आणि काड्या दशक-एकक शिकवायला उपयोगी आहेतच. ज्या हिशेबात आपली माणसे नागवली जातात तो हिशेब मांडायलाही ते उपयोगी पडले पाहिजेत. अंगठा उठवणाऱ्या बापाच्या मुलीला मुकादमाची वही तपासता आली, तर शाळेने काही दिले असे म्हणता येईल.

येथे 'एकलव्य' या नावाचा उल्लेख अटळ आहे. संस्थेने ते नाव का घेतले असावे हे उघड आहे. गुरूने नाकारलेला, स्वतः करून शिकलेला तो विद्यार्थी. पण आपण त्या कथेचा शेवट विसरू शकत नाही. एकलव्याची विद्या त्याच्या हातात होती, म्हणून त्या हाताचा अंगठाच मागून घेतला गेला. होशंगाबादच्या कार्यक्रमाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. तीस वर्षे चाललेला, शेकडो शाळांत पोचलेला हा प्रयोग २००२ साली शासनाच्या आदेशाने संपवण्यात आला. पुस्तकात उत्तर न देता मुलाच्या निरीक्षणाला अधिकार देणारी शाळा, आदेशावर चालणाऱ्या यंत्रणेच्या शेवटी पचनी पडली नाही, असा अर्थ मी त्यातून काढतो.

ज्यांनी तो बंद केला त्याच प्रकारच्या यंत्रणा आज 'कृती' हा शब्द वापरतात, याचे मग आश्चर्य वाटू नये. त्यांनी शब्द घेतला आणि त्यातला अधिकार काढून टाकला. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'करून पहा' असा मथळा असतो आणि बहुतेकदा दोन-तीन ओळींनंतर काय दिसले तेही छापलेले असते. मग कोण कशाला करून पाहील? परीक्षेत तर त्या छापलेल्या ओळीलाच गुण. मुलाला तापमापीवर ९७ अंश दिसले आणि त्याने ९७ लिहिले तर चूक, पाणी १०० अंशांना उकळते असे घोकून लिहिले तर बरोबर. खरे तर समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या गावात पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. मुलाचा आकडा ही त्याच्या गावाची खरी नोंद असू शकते. तापमापी सदोष असेल तर तोही शोधाचा विषय आहे. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खोडून छापलेले लिहायला जी शाळा लावते, ती कृतियुक्त नव्हे. रंगवलेल्या फरशीवरची ती जुनीच पाठशाळा आहे.

भाषेचेही असेच. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा भागातील शाळांत आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. पुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञान शिकण्यातील एक मोठा अडसर आहे, हे व. ग. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपली मुले 'मंद' आहेत या सवर्ण समजुतीला प्रयोगाने दिलेले ते उत्तर होते. कृती सोपी करून नोंदीची भाषा संस्कृतप्रचुर ठेवली, तर हात मोकळा होऊन जीभ पुन्हा बांधली जाते. मूल 'पाणी वर चढलं' असे म्हणत असेल तर वहीतही आधी तेच लिहिले जावे. 'पातळीत वृद्धी झाली' हे नंतर आले तरी चालेल.

माझ्या म्हणण्याचा मथितार्थ असा. कृतियुक्त अध्यापन आपल्याला हवे आहे. ते अधिक हवे आहे, कारण ऐकून मानण्याच्या ज्या रीतीवर आपली गुलामगिरी उभी राहिली तिला दिलेले ते सर्वात साधे आव्हान आहे. पण कृती म्हणजे नुसती हालचाल नव्हे. मुलाच्या हाताला जे आढळले त्याला वर्गात आणि परीक्षेत अधिकार मिळतो काय, आणि तो अधिकार चारही मुलांना सारखा मिळतो काय, हीच तिची कसोटी. हे नसेल तर आपल्या मुलांच्या वाट्याला शाळेतही राबणेच येईल, फक्त त्याला आनंददायी म्हटले जाईल.

वस्तीवर अभ्यासिका चालवणारे अनेक कार्यकर्ते या पानांचे वाचक आहेत. विहाराच्या ओसरीवर पन्नास चिंचोके, एक दोरी, एक नाणे आणि बादलीभर पाणी एवढ्यावर काम सुरू करता येते, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि शाळा समितीवर जे पालक आहेत त्यांना एक सूचना. पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा भिंतींवरची चित्रे पाहून परत येऊ नका. प्रयोगाची वही मागून घ्या आणि ती कोणाकोणाच्या अक्षरात आहे ते पाहा. मग मुलांना विचारा, भांडी कोणी धुतली.